मीटरवरची सपाट रेघ

१

फोनवर एक मुलगी होती. बाबांच्या छातीत कळ येतेय, घामाने भिजलेत, तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद आहे, लवकर या. ॲम्ब्युलन्सच्या फोनवर बसणाऱ्या ताईंनी पत्ता टाइप केला, बटण दाबलं, आणि समोरचा पडदा जागच्या जागी गोठला.

एरवी बटण दाबलं की सगळ्यांत जवळची ॲम्ब्युलन्स कुठली, ते प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. त्या दिवशी तो ढिम्म. ताईंनी पुन्हा दाबलं. शेजारणीने तिच्या पडद्यावर दाबून पाहिलं, तोही गोठलेला. शेवटी ताईंनी त्या यंत्राला दोन शेलक्या शिव्या घातल्या आणि आठवेल त्या ड्रायव्हरला स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. तो निघाला गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून. खरी जवळची गाडी दोन गल्ल्या सोडून रिकामी उभी होती आणि तिच्या ड्रायव्हरला कशाचा पत्ताच नव्हता.

माणूस जिवंत आहे, पण अतिदक्षता विभागात. डॉक्टर अजून काही सांगायला तयार नाहीत. हे झालं काल. आज सकाळी बाई येऊन दाखल झाल्या.

बाई म्हणजे मुख्य कचेरीतल्या तपासनीस. कुठल्याही शाखेत प्रोग्रॅम आडवा झाला की त्यांना धाडतात. पाठीमागे सगळे त्यांना शंकासुर म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून थोडं आवडतंही. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, आणि बोलणं इतकं घरगुती की आपली उलटतपासणी चालली आहे हे समोरच्याला फार उशिरा कळतं.

साहेबांनी त्यांना धड बसूही दिलं नाही.

"चौकशीचं काही उरलेलं नाही, बाई. गुन्हेगार सापडलाय. तुम्ही फक्त सही करा."

"कोण सापडलं?"

"नवी."

नवी कामाला लागून वर्ष उलटलं होतं, पण तिच्यानंतर या शाखेत कुणी आलंच नाही, त्याला ती तरी काय करणार. म्हणून ती नवीच राहिली. तिने एक चांगलं काम केलं होतं. आधी प्रोग्रॅम प्रत्येक फोनला पत्ता डेटाबेसच्या कोठारात जाऊन शोधायचा. तिने सगळ्या गल्ल्या, सगळ्या इमारती मेमरीतच आणून ठेवल्या, म्हणजे हात घातला की सापडतात. याच साहेबांनी भर सभेत तिचं कौतुक केलं होतं. आता तेच म्हणत होते, "मेमरी भरली, प्रोग्रॅम गुदमरला. सरळ हिशेब आहे. संध्याकाळपर्यंत मला वर नाव कळवायचंय. तिला सांगून टाकलंय, आजचा दिवस शेवटचा."

"मेमरी भरलेली कुणी पाहिली?"

"भरली असणारच ना."

"असणारच," बाई म्हणाल्या, आणि न बसताच बाहेर पडल्या.

२

नवी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले. बाईंनी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "माझ्यामुळेच झालं."

"असं? मग माझं काम सोपं झालं. कसं झालं ते सांग."

"ते नाही कळत."

"म्हणजे गुन्हा कबूल, पण कुठला ते माहीत नाही. बरं, तुझे पत्ते मेमरीत चढवले कधी?"

"महिना झाला."

"आणि गोठायला लागलं कधी?"

"या सोमवारपासून. आधी नुसते आचके द्यायचं. काल सकाळी मात्र..."

"मग मधले तीन आठवडे तुझे पत्ते काय झोपा काढत होते?"

नवी हसली नाही. "मी चाचणीच्या प्रतीवर सगळं करून पाहिलं होतं, बाई. तोच प्रोग्रॅम, तेच पत्ते. खोटे फोन करून करून दमवला त्याला. एकदासुद्धा अडखळला नाही. आणि खऱ्यावर गोठला. म्हणजे माझंच काहीतरी बघायचं राहिलं ना? त्या काकांचं काही बरंवाईट झालं तर मी पुन्हा कीबोर्डला हात लावणार नाही. आईला सांगितलंय, परत येते म्हणून."

बाईंना मुलीची दया आली. पण दया येणं वेगळं आणि निर्दोष ठरवणं वेगळं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अण्णांकडे गेल्या.

अण्णा या प्रोग्रॅमचे जन्मदाते. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून लिहिला, वाढवला, आजारपणं काढली. स्वतःच्या मुलाचं केलं नसेल इतकं कौतुक त्यांनी त्याचं केलं होतं. त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक भलाथोरला पडदा लावलेला होता आणि त्यावर रेघा सरकत होत्या.

"हे आमचं मीटर," अण्णा म्हणाले. "प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतो, तो रनटाइम आतल्या आत सगळं जाणून असतो. मेमरी किती लागतेय, कामाला वेळ किती लागतोय. पण विचारल्याशिवाय सांगत नाही. मी त्याला बोलतं केलं आणि इथे मांडलं. स्कूटरला पेट्रोलचा काटा असतो ना, तसंच समजा."

"पडदा जुना दिसत नाही."

"सोमवारीच बसवला साहेबांनी. पूर्वी हे पान मी सकाळी आल्यावर एकदा उघडून बघायचो, झालं. आता ऑफिस उघडलं की हा सुरू होतो तो बंद होईपर्यंत. पाहुणे आले की साहेब इथे आणून उभे करतात."

बाई मेमरीच्या रेघेकडे बघत राहिल्या. महिन्यापूर्वी, नवीचे पत्ते आले तेव्हा, ती एक पायरी चढली होती. त्याच्या आधी सपाट आणि नंतरही सपाट.

"मेमरी तर भरलेली नाही, अण्णा. रेघ जागची हललेली नाही."

"कधीच हलत नाही," अण्णा अभिमानाने म्हणाले. "प्रामाणिक मीटर आहे. फक्त कामाचा माल मोजतं, कचरा धरत नाही."

बाईंना काहीतरी टोचलं. प्रोग्रॅम काम करतो तेव्हा कचरा होतोच. आलेला प्रत्येक फोन, त्याचे तुकडे, काम झाल्यावर मेमरीत तसेच पडून राहतात. मग अधूनमधून रनटाइम झाडू घेऊन येतो आणि ते काढून टाकतो. म्हणजे रेघ चढली पाहिजे, उतरली पाहिजे, पुन्हा चढली पाहिजे. माणसं राहतात त्या घरात पसारा असायचाच. इथे दिवसभर फोन येत होते आणि घर बघावं तेव्हा लख्ख. असं घर बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पण तो विचार त्यांनी गाठीला बांधून ठेवला आणि विचारलं, "नवीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "मुलगी वाईट नाही. पण कानामागून आली आणि तिखट झाली. पत्ते शोधायचं काम आधी माझं होतं. कुणी विचारलंसुद्धा नाही मला."

"राग आला?"

"यायचाच की. माणूस आहे मी."

या माणसाला प्रोग्रॅमच्या प्रत्येक खोलीची किल्ली ठाऊक होती. राग होता, तो त्याने लपवलाही नव्हता. आणि सगळ्यांचं बोट दुसरीकडे होतं. बाई जिना उतरून फोनच्या खोलीत गेल्या, तेव्हा त्यांच्या मनात अण्णांचं नाव पहिल्या नंबरावर होतं.

३

"तुमच्या त्या वरच्या शहाण्यांना सांगा," ताई म्हणाल्या, "एकदा इथे बसून फोन घ्या म्हणावं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं."

बाई निमूटपणे त्यांच्याशेजारी बसल्या. ताई एक फोन घेत, एक गाडी पाठवत आणि मधल्या वेळात बोलत.

"जास्त फोन आले की गोठतं का?" बाईंनी विचारलं.

"अहो, तीच तर गंमत आहे. सगळ्यांत जास्त फोन पहाटे. छातीत दुखतंय म्हणणारे पहाटेच उठतात. तेव्हा कसं तुरुतुरु चालतं. वरचं ऑफिस उघडलं की याला आचके सुरू. संध्याकाळी तुमची मंडळी घरी गेली की पुन्हा शहाण्यासारखं. मी परवा साहेबांच्या तोंडावर सांगितलं, तुम्ही आलात की हे बिघडतं. ते रागावले."

"रागावून काय म्हणाले?"

"म्हणाले, बघतो. लक्ष ठेवायला सांगतो सगळ्यांना. ठेवलं लक्ष. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या मुलीचा फोन आला." ताईंचा आवाज एकदम खाली आला. "बाबांना पाणी देऊ का, असं विचारत होती ती मला. आणि माझ्यासमोर हा मेलेला पडदा. आठवलं की जेवण जात नाही हो."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. ताईंनी डोळे टिपले आणि पुढचा फोन उचलला.

"एक गोष्ट अजून," फोन ठेवून ताई म्हणाल्या. "एकदा गोठलं की उचकी लागल्यासारखं होतं. सुटतं, गोठतं, सुटतं, गोठतं. जरा सुटलं म्हणून आम्ही..."

त्या थांबल्या. पडद्यावरचा गाडीचा ठिपका हलायचा बंद झाला होता. शेजारच्या टेबलावरूनही आवाज आला, "ताई, माझा पण गेला." पण कालच्यानंतर ताईंनी सगळ्या ड्रायव्हरांचे नंबर भिंतीवर लावून घेतले होते आणि प्रत्येक गाडी कुठे आहे ते नकाशावर टाचण्या टोचून मांडलं होतं. पोरींनी फोन उचलले आणि हाताने काम सुरू केलं.

वरचं ऑफिस उघडलं की बिघडतं. लक्ष ठेवायला सांगितलं आणि आणखी बिघडलं. बाई उठल्या, गुडघ्यांना न विचारता जिना चढल्या आणि ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या.

कुणीही काही लपवत नव्हतं, कुणी काही करतही नव्हतं. सगळे आपापल्या जागी बसून पडद्याकडे टक लावून बघत होते. साहेब काचेपलीकडे, अण्णा टेबलाशी, हिशेब बघणारे, माणसं नेमणारे, सगळेच. आणि प्रत्येकाच्या पडद्यावर एकच पान उघडं होतं, मीटरचं.

"परत गोठलं," साहेब ओरडले. "सगळ्यांनी पान ताजं करा. बघा काय दिसतंय. मी सांगितलं होतं ना, डोळ्यांत तेल घालून बघायचं."

सगळ्यांची बोटं एकदम खाली गेली.

४

"हात वर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा कुणी ऐकला नव्हता. "सगळ्यांनी ते पान बंद करा. भिंतीवरचा पडदाही. आत्ता."

"म्हणजे आम्ही आंधळे होऊन बसायचं?" साहेब म्हणाले. "जीव टांगणीला लागलेत लोकांचे आणि..."

"म्हणूनच. बंद करा."

पडदे मिटले. बाईंनी खाली फोन लावला. ताई म्हणाल्या, सुटलं. बाई म्हणाल्या, आता गोठलं की मला कळवा. मग त्यांनी चहा मागवला, आणि चहा आला, पिऊन झाला, कप धुऊन झाले, जेवणाची सुट्टी होऊन गेली, तरी खालून फोन आला नाही. साहेब चारदा येऊन विचारून गेले आणि चारही वेळा त्यांना तेच उत्तर मिळालं.

दुपारी बाईंनी सगळ्यांना नवीच्या टेबलाभोवती गोळा केलं.

"नवी, तुझी चाचणीची प्रत काढ. खरी नव्हे, तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. तुझे खोटे फोन सुरू कर."

नवीने केले. पडद्यावर खोट्या गाड्या खोट्या पेशंटांकडे झरझर निघाल्या.

"चालतंय?"

"चालतंय."

"अण्णा, या प्रतीचं मीटर उघडा. तुम्ही एकट्यानेच."

अण्णांनी उघडलं. गाड्यांनी आचका दिला, थबकल्या, पुन्हा निघाल्या, पुन्हा थबकल्या. अण्णांच्या कपाळावर आठी पडली.

"आता सगळ्यांनी उघडा."

सगळ्यांनी उघडलं आणि खोटं गाव जागच्या जागी थिजलं. एकही गाडी हलेना. साहेबांचं बोट सवयीने पान ताजं करायला पुढे सरकलं, आणि त्यांनी ते स्वतःच मागे घेतलं.

"नजर लागली म्हणा," हिशेबवाला पुटपुटला.

"नजरच," बाई म्हणाल्या. "पण त्याला कारण आहे. मला आधी त्या सपाट रेघेचा संशय आला. पाहुणे केव्हाही आले तरी घर आवरलेलंच दिसतं, म्हणजे काय? एक तर त्या घरात कुणी राहत नाही, नाहीतर बेल वाजली की आतले लोक हातातलं काम टाकून आधी घर आवरतात. अण्णा, तुम्ही म्हणालात, मीटर कचरा धरत नाही. कचरा कुठला आणि माल कुठला हे मीटरला कसं कळतं?"

अण्णा खुर्चीत हळूच बसले. "मोजायच्या आधी मी रनटाइमला सांगतो, सगळं घर झाडून घे. अगदी माळ्यापासून. मग जे उरेल ते मोजतो."

"आणि असं माळ्यापासून झाडत असताना बाकीचं काम?"

"थांबतं," अण्णा म्हणाले. "सगळं थांबतं."

"कुणीही पान उघडलं की एक झाडू. पान आपोआप ताजं होतं, दर वेळी आणखी एक. तुम्ही सकाळी एकदा बघायचात तोवर कुणाला कळलंही नाही. सोमवारी भिंतीवर पडदा आला, तो दिवसभर झाडायला लावायला लागला, म्हणून आचके. ताईंनी तक्रार केली, म्हणून सगळ्यांना बघायला सांगितलं, म्हणून काल सकाळी ते गोठलं. गोठलं की घाबरून सगळे पुन्हा बघायचे, म्हणून उचकी. पहाटे कुणी बघत नाही, म्हणून पहाटे ठीक. आणि नवीच्या चाचणीत ते कधीच गोठलं नाही, कारण खोट्या गावाच्या काळजीने मीटर उघडून बसणारं कुणी नव्हतं. इथे कुणाच्या मनात पाप नव्हतं. सगळ्यांना काळजी होती, तीच नडली."

साहेबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांना अजून धरायला काहीतरी हवं होतं. "पण असला उद्योग सांगितला कुणी? आधी झाडायचं आणि मग मोजायचं?"

अण्णांनी वर पाहिलं. ते चिडले नव्हते, हे बाईंना आवडलं.

"साहेब, सुरुवातीला रेघ सपाट नव्हती. चढायची, उतरायची, जशी असावी तशी. पण ती चढली की तुमचा फोन यायचा. जेवायला बसलो की फोन. मुलाचा ताप मोजतोय, फोन. अण्णा, वर चाललीय. मी सांगायचो, उतरेल. तुम्हाला पटायचं नाही. एक दिवस कंटाळून मी ही ओळ घातली आणि रेघ सपाट केली. त्यानंतर तुमचा फोन आला नाही. तुम्ही बघायचंही सोडलंत. तुम्ही शांत झोपत होता, मीही. मग मी ती ओळ विसरलो."

कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेब उभेच होते.

"आणि अजून एक," अण्णा म्हणाले. आता ते नवीकडे बघून बोलत होते. "काल सगळे तुझ्या नावाने बोलायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या लिखाणात कुणी शोधणार नाही म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि मी तिथेच चहा पीत बसलो होतो. माझी ओळ असेल असं मनात आलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो. पण शोधायला हवं होतं मी. मला हे घर आतून माहीत आहे."

नवी म्हणाली, "अण्णा, पाणी आणू का?" आणि अण्णांना रडू फुटलं.

५

संध्याकाळी वरून फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर घेतला. त्यांनी दार लावून घेतलं नाही, याचं बाईंना आश्चर्य वाटलं.

"हो, सापडलं," साहेब फोनवर म्हणाले. "नाव? माझं लिहा. नाही, मुलीचं नाही. तिच्याबद्दल मी कळवलं ते चुकीचं होतं, ते मागे घेतोय. हो, ओळ दुसऱ्याने लिहिली, पण लिहायला मी भाग पाडलं. आणि सगळ्यांना बघायला बसवलं तेही मीच." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. "उद्या येतो. जे काय असेल ते मला बोला."

त्यांनी फोन ठेवला आणि नवीसमोर येऊन उभे राहिले. माफी मागायची सवय नसलेला माणूस मागतो तशी त्यांनी ती मागितली, अर्धी शब्दांत, अर्धी नुसती उभं राहून. नवीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखं काही दिसेना.

साहेब गेल्यावर ती बाईंजवळ आली.

"बाई, मग त्या काकांचं माझ्यामुळे नाही ना? अजिबात नाही ना?"

सोपं उत्तर जिभेवरच होतं. पोरीचा रडवेला चेहरा बघून दुसऱ्या कुणीही ते देऊन टाकलं असतं. पण शंकासुर हे नाव बाईंना उगाच पडलेलं नव्हतं. आणि आज खोटं सांगितलं तर ही मुलगी उद्या, परवा, कधीतरी स्वतःच हिशेब मांडील आणि मग कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही.

"अजिबात नाही, असं नाही म्हणणार मी," बाई म्हणाल्या. "तुझे पत्ते आले आणि घर मोठं झालं. घर मोठं, तर झाडायला वेळ जास्त. जुन्या घरात तोच झाडू लवकर आटपला असता. तेवढा तुझा वाटा."

नवी खुर्चीत बसली.

"पण तेवढाच. घर मोठं करणं हा गुन्हा नाही. भर कामात झाडू मारायला लावणं तुझं नव्हतं, सगळ्यांना बघायला बसवणं तुझं नव्हतं, जवळच्या ड्रायव्हरचा नंबर हाताशी नसणं तुझं नव्हतं. ते ज्यांचं होतं त्यांनी आज उचललंय, तू पाहिलंस. तुझा तो छोटासा तुकडा तू उचल. बाकीच्याला हात लावू नकोस, पोरी. दुसऱ्यांचं ओझं आहे ते."

नवी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. कालपासून ती रडतच होती, पण हे रडणं वेगळं होतं, हे बाईंना कळलं. त्यांनी तिला गप्प केलं नाही. ताई खालून वर आल्या होत्या. हॉस्पिटलातून अजून काही कळलेलं नाही एवढं सांगून त्या नवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बऱ्याच वेळाने नवीने ओढणीने तोंड पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"पत्ते हलके करता येतील, कमी जागेत मावतील असे," ती म्हणाली. आवाज बसला होता. "आईला सांगते, इतक्यात येत नाही म्हणून."

अण्णा कधीचे मागे उभे होते. त्यांनी शेजारच्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि तिच्याजवळ ठेवली.

"माझी ओळ आधी काढू," ते म्हणाले. "मी काढतो. तू वाचून बघ, नीट झालंय का."